बहात्तर ठोक्यांचं मिनिट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या दिवशी माझ्या खिशात घड्याळ नव्हतं. थर्मामीटरची डबी होती.

एवढं लिहायला मला तेरा वर्षं लागली. आता लिहून झालं आहे तर पुढचंही लिहितो. थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, हे माझं मला माहीत आहे. मी मुळातच कमी बोलणारा. दवाखान्यात लोक म्हणतात, कंपौंडरच्या तोंडात बाटलीचं बूच आहे.

माघ सरत आला की आमच्याकडे सुरंगी फुलते. कळ्या फांदीलाच चिकटून येतात, मिरीच्या घोसासारख्या दाटीवाटीने. ऊन चढण्याआधी त्या उतरवायच्या आणि फुलण्याआधी ओवायच्या. उशीर झाला की कळी उमलते, मधमाश्या येतात आणि ओवणारीला पळता भुई थोडी होते. दुपारपर्यंत सगळ्या गावावर तो वास बसलेला असतो. लोक म्हणतात सुरंगी डोक्यात जाते. माझ्या ती मनगटात जाते.

आमच्या घरात सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, येत नाही. बायको शालू, तिचं माहेर सुरंगीच्या झाडाखालचं, आणि तिने तेरा वर्षं केसांत सुरंगी माळलेली नाही. कारण मला सुरंगीने शिंका येतात, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच फाल्गुनात सांगून टाकलं होतं. मला शिंका येत नाहीत. पण एकदा सांगितलं म्हटल्यावर दर वर्षी शिंकणं आलं. वाटेत कुणी सुरंगी माळलेली बाई दिसली आणि शालू बरोबर असली की मी दोनतीन शिंका देतो. खोटं शिंकणं सोपं नाही. खरी शिंक येताना माणूस आधी थोडा वेळ वेडा दिसतो. तो वेडेपणा जमायला मला चार वर्षं लागली. आता इतका हात बसला आहे की शेजारची काकू मला कापूर हुंगायला देते.

तर ही गोष्ट बाबल मेस्त्रीची आहे. बाबल म्हणजे शालूचा थोरला भाऊ. पण त्या वर्षी तो माझा कोणी नव्हता. मी रेडीच्या अलीकडच्या आमच्या गावात डॉक्टरांकडे कंपौंडर होतो, वय एकोणतीस. दवाखान्यापासून दोन घरं सोडून बाबलचं घर, आणि घराच्या पडवीत त्याचं दुकान. दुकान म्हणजे एक टेबल, एक शेगडी आणि भिंतीला टांगलेली चिकार हत्यारं. त्यातली निम्मी त्याने स्वतः केलेली. छत्रीच्या काडीचा पेचकस, सुईला धार लावून केलेली कानस. शिवणयंत्रं, गॅसच्या बत्त्या, लाँचची इंजिनं, सगळं त्याच्याकडे यायचं. भजनी मंडळाच्या पेटीतला सूर चढला-उतरला तर तो पितळी पट्टी अशी घासायचा की जणू मांजराचा कान खाजवतोय. त्याच्यासारखा हलका हात मी सुईणीचाही पाहिलेला नाही.

रेडीच्या खाणीवर तेव्हा मुंबईचे एक साहेब आले होते. त्यांच्याकडे एक जुनी विलायती उघडी गाडी होती, कोणा संस्थानिकाच्या तबेल्यातून घेतलेली. लांब नाक, बसायला दोन माणसांची जागा, आणि नाकाच्या आत एक यंत्र, जे इंजिनाच्याच जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबायचं. साहेब त्याला सुपरचार्जर म्हणत. बाबलने ते एकदा पाहिलं आणि म्हणाला, "हो तर भातो." लोहाराचा भाता. तेव्हापासून पंचक्रोशीत ती भात्याची गाडी झाली.

पण भाता जोडला की गाडी शिंकायची. (शिंका माझ्या आयुष्यात आधीपासूनच होत्या म्हणायच्या.) चढणीला लागली की कार्बोरेटरातून उलट फाट् फाट् आवाज, आणि गाडी गचके खात उभी. बाबलने मला ते समजावलं ते असं:

"पंगतीत बसलंस. पानार भाताचो डोंगर आणि आमटी पळीभर. ठसको लागतलो काय नाय?"

"लागतलो."

"हवा म्हणजे भात. पेट्रोल म्हणजे आमटी. भात वाढणारो भातो आसा, आमटी वाढणारो कोण नाय."

आमटी वाढणारा म्हणजे जेट. पितळेचा मुगाच्या शेंगेच्या टोकाएवढा तुकडा, मध्ये केसासारखं भोक. त्या भोकातून पेट्रोल इंजिनाकडे जातं. भोक बारीक तर गाडी उपाशी, भोक मोठं तर गाडीला अजीर्ण. भात्यासाठीचा मोठा जेट आधीच्या मालकाकडे कधीतरी हरवला होता आणि कोणीतरी साधा बारीक जेट बसवून दिला होता. गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तक होतं. ते वाचायला बाबलने मला बोलावलं, कारण गावात औषधांच्या बाटल्यांवरचं इंग्रजी वाचणारा मी एकटा. मी तीन दुपारी ते पुस्तक वाचलं आणि त्यात एक ओळ सापडली: भाता लावलेल्या गाडीला असा जेट हवा, की ठरावीक उंचीवरून मिनिटाला एकशे वीस सीसी पेट्रोल झरलं पाहिजे.

बाबलचा चेहरा उजळला. "माप मिळाला! आता बघ."

साहेबांनी शब्द दिला होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे मुंबईचे पाहुणे येणार होते. बंदरापासून खाणीपर्यंतची घाटी गाडीने भाता लावून न शिंकता चढली, तर खाणीवर नवा कारखाना निघत होता, त्याचा मुख्य मेस्त्री बाबल. बाबलच्या घरी विधवा आई आणि लग्नाची बहीण. पण त्याला पगाराची हाव नव्हती. त्याला लेथ हवं होतं, धातू गोल फिरवून कातायचं यंत्र. खाणीवर लेथ येणार होतं. "लेथ, कंपौंडर!" तो म्हणायचा. लोक काशीचं नाव घेतात तसं.

मोजायचं साहित्य माझं. दवाखान्यातला औषधं मोजायचा काचेचा पेला, आणि डॉक्टरांचं सेकंदकाट्याचं खिशातलं घड्याळ. त्याआधी बाबलकडे मिनिट मोजायची सोय होती ती म्हणजे त्याची आई. पान लावायला घेतलं की तोंडात टाकेपर्यंत एक मिनिट, असा हिशेब. म्हातारी सांगायची, "माझा पान होयसर तुमचा मिनिट." फक्त गावात काही भानगड झाली असली की ती पान लावता लावता थांबायची, आणि मग ते मिनिट अडीच मिनिटांचं व्हायचं. म्हणून माझं घड्याळ.

पडवीच्या दुसऱ्या टोकाला शालू बसायची. पुढ्यात सूप, सुपात सुरंगीच्या कळ्या. ती माझ्याकडे बघायची नाही. मी तिच्याकडे बघायचो नाही. हे न बघणं इतकं नेमाने चालू होतं की म्हातारीला केव्हाच कळलं असणार. पेट्रोलचा वास आणि सुरंगीचा वास, दोन्ही एकाच वाऱ्याने यायचे. खाणीची तांबडी धूळ सगळ्यावर. काजूच्या मोहोराची आंबूस झाक, वाळत घातलेल्या सुंगटांचा, म्हणजे कोलंबीचा, उग्र दर्प. त्या महिन्याभरात मी दवाखान्यात दोनदा खोकल्याचं औषध पोटदुखीवाल्याला दिलं. दोन्ही पेशंट बरे झाले. तेव्हापासून वैद्यकावरचा माझा विश्वास जरा कमी झाला आहे.

होळीच्या दिवशी शेवटचं माप घ्यायचं ठरलं होतं. सकाळी मी दवाखान्यात गेलो तर डॉक्टर बाळंतपणासाठी पहाटेच शिरोड्याकडे गेलेले, घड्याळ त्यांच्याबरोबर. मी तसाच परत यायला हवं होतं. पडवीत येऊन सांगायला हवं होतं की मेस्त्री, आज घड्याळ नाही, दुपारनंतर बघू. पण सुपातल्या कळ्या दुपारनंतर नसतात. ओवणारीसुद्धा नसते.

"कंपौंडर, घड्याळ हाडलंस मा?" बाबलने मान वर न करता विचारलं.

मी खिशावर थाप मारली. आत डबी वाजली. "हाडलंय."

आणि हे मी अगदीच फसवायला म्हणून केलं नाही, हेही लिहून ठेवतो. डॉक्टर पेशंटांसमोर माझा हात धरून दाखवत असत: "याची नाडी म्हणजे सरकारी घड्याळ. बहात्तर. वर नाही, खाली नाही." मला त्याचा गर्व होता. दुसऱ्या कोणाला हे सुचलं नसतं, कंपौंडरला सुचलं. बहात्तर ठोके म्हणजे एक मिनिट. घड्याळ मनगटात असताना खिशात कशाला हवं?

पेट्रोलचा डबा खुंटीवर, त्याला रबरी नळी, नळीच्या टोकाला जेट, खाली माझा पेला. मी पाठीमागे हात बांधून उभा, डाव्या मनगटावर उजवी बोटं. बाबलची नजर जेटवर, माझ्या हातांकडे बघायला त्याला सवड नव्हती. बाबल चिमटा सोडायचा, पेट्रोल झरायला लागायचं, मी मनात मोजायचो. बहात्तर झाले की "झाला!" बाबल चिमटा लावायचा.

पहिल्यांदा आलं पंच्याहत्तर. बाबलने सुईची कानस भोकात घातली, दोन फेरे दिले, फुंकर मारली. पुन्हा माप. पंच्याऐंशी. पुन्हा दोन फेरे. तेवढ्यात शालूच्या सुपावर मधमाशी आली आणि ती "गो बाय!" करून उठली. वळेसर तसाच हातात, अर्धा ओवलेला. माशी गेली. ती हसली. माझ्याकडे बघून नव्हे. पण मी त्या बाजूला होतो.

त्यानंतरची मापं मला नीट आठवत नाहीत. एवढं आठवतं की पेट्रोल एकशे वीसला पोहोचायला तयारच नव्हतं, आणि बाबल फेऱ्यावर फेरे देत होता.

"काय रे, आज पेट्रोल जाड झाला काय?"

"गरमी आसा," मी म्हटलं. कशाची ते सांगितलं नाही.

अखेर एकशे वीस झालं. बाबलने जेट उन्हात धरून बघितला आणि भोकाच्या तोंडाशी राहिलेला कीस काढायला शेवटचा एक फेरा दिला, अगदी अलगद. तो त्याचा रिवाज होता. कुठलंही काम संपवताना शेवटचा एक फेरा. मग म्हणाला, "बरा झाला." म्हातारी पान लावत होती. तिने आमच्याकडे बघून नुसतं "हं" केलं. आज मला वाटतं त्या दिवशी पडवीत खरं मिनिट फक्त तिच्याकडे होतं.

दुसऱ्या दिवशी शिमगा. गाडी बंदरावर उभी होती तेव्हा अशी गोड गुरगुरत होती की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. उभ्या गाडीला मोठ्या जेटचं काम नसतंच. ते लागतं चढणीला. साहेब आपली गाडी दुसऱ्याला चालवू देत नसत, म्हणून आधी कोणी तपासलीही नव्हती. साहेब चक्राशी, शेजारी एक पाहुणे, बाबल मागच्या सामानाच्या पेटीवर उकिडवा, आणि मी गावकऱ्यांत. घाटीच्या मध्यावर शिमग्याच्या खेळ्यांचा मेळ नाचत होता. राधा झालेला आमचा शिंपी, बायकोचं पिवळं लुगडं नेसून, तोंडाला खडूची पूड फासून रस्त्याच्या मधोमध फुगडीला उभा.

गाडी चढणीला लागली. शिंकली नाही, हे खरं. एक खोल ढेकर दिला आणि मागून काळा धूर सोडला. काय तो धूर! आगबोट लाजली असती. जास्तीचं पेट्रोल जळत नाही, त्याची काजळी होते, आणि ती सगळी काजळी वाऱ्याबरोबर मेळावर गेली. गाडी गुदमरत गुदमरत राधेच्या पुढ्यात येऊन मेली. धूर ओसरला तेव्हा खडूची राधा कोळशाची झाली होती.

"बायलेचा लुगडा आसा मेल्यानु, बायलेचा!" राधा बोंबलली. "आता घराक खंयच्या तोंडान जाव?"

मग सगळ्या घाटीने बाबलला शिव्या घातल्या. ढोलाच्या तालावर, यमक जुळवून, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. बाबल हसत होता. शिमग्यातल्या शिव्या लागत नाहीत, ज्याला मिळतात त्याचं वर्ष चांगलं जातं. मीसुद्धा हसलो. मग साहेब गाडीतून उतरले, रुमालाने हात पुसले आणि पुस्तकातल्या मराठीत, अगदी हळू म्हणाले,

"मेस्त्री, तुमचा हात जड आहे."

साहेबांना आमचा शिमगा ठाऊक नव्हता. त्यांचं वाक्य शिमग्यातलं नव्हतं. ते लागलं.

गाडी बैल लावून नेली. खाणीवर मुंबईचा मेस्त्री आला, लेथ आलं. बाबलने जेट काढून उन्हात धरला आणि मला दाखवला. "बघ, केवढा भोक. माप तर बरोबर होता. घड्याळ काय खोटा बोलता? शेवटचो फेरो जड गेलो माझो."

मी जेट हातात घेतला, बघितल्यासारखं केलं आणि परत दिला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर परतले. मी त्यांचं घड्याळ घेऊन पडवीसमोरच्या आंब्याखाली उभा राहिलो, एका हातात घड्याळ, दुसरी बोटं मनगटावर. शालू ओवत होती. मी मोजलं. नव्वद. पुन्हा मोजलं. तिने मान वर केली तेव्हा ब्याण्णव. माझं मिनिट घड्याळाच्या अठ्ठेचाळीस सेकंदांत संपत होतं. म्हणजे ज्या जेटमधून आम्ही एकशे वीस मोजलं, त्यातून खऱ्या मिनिटाला दीडशे जात होतं. मी मागच्या वाटेने दवाखान्यात गेलो आणि दिवसभर गोळ्यांची भुकटी केली.

सांगायचं ठरवलं होतं. आठवडाभर शब्द जुळवले. पण आठव्या दिवशी बाबलच दवाखान्यात आला, बाकावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आये म्हणता, कंपौंडर बरो आसा. शालूक बघतंस ता आमका दिसता. माका पण वाटता, घड्याळासारखो माणूस. तुका चलतला तर सांग."

"मेस्त्री," मी म्हटलं, "त्या दिवसाचा मिनिट..."

"ता जावंदे रे. माझोच हात."

आणि मी ते जाऊ दिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं काम होतं ते.

लग्न वैशाखात झालं. बाबल पुढच्या वर्षी गाव सोडून तळेऱ्याला गेला. तिथे मोठ्या रस्त्याला फाटा फुटतो, मालाच्या गाड्या थांबतात. तो पंक्चर काढतो, चाकं बदलतो, ग्रीस भरतो. धंदा बरा चालतो. म्हातारी तिथेच वारली, पानाचा डबा उशाशी ठेवून. डॉक्टर गेले तेव्हा घड्याळ माझ्या नावाने ठेवून गेले. "सरकारी घड्याळाला खाजगी घड्याळ", अशी चिठ्ठी लिहून. ते आता माझ्यासमोर टेबलावर टिकटिकतं आहे.

आमच्या घरी ती गोष्ट शिमग्याला दर वर्षी निघते. शालू मुलींना रंगवून सांगते: मामाने मुंबईच्या साहेबाला धूर कसा पाजला, राधा कशी काळी झाली. मुली लोळून हसतात. बाबल असला तर तोही हसतो आणि शेवटी म्हणतो, "तुमच्या बाबांचा घड्याळ बरोबर होता हां! हात माझो." मग सगळे माझ्याकडे बघतात आणि मी गंभीरपणे मान हलवतो. घड्याळासारखा माणूस.

मला पूर्वी वाटायचं, शिमग्यात सांगून टाकावं. त्या दिवशी काही बोललं तरी खपतं. पण म्हणूनच सांगितलं नाही. खपलं असतं. सगळे हसले असते, ढोलावर एक थाप पडली असती, आणि मी फुकटात सुटलो असतो.

गेल्या रविवारी बाबल आला होता. शालूचा भाऊ मेस्त्री, म्हणून देवळातली पेटी आमच्याकडे दुरुस्तीला पडून आहे. एक सूर इतका चढला आहे की आरतीच्या मध्येच कुणीतरी चिमटा काढल्यासारखं वाटतं. शालूने ती त्याच्यापुढे सरकवली.

"दादा, जरा घास मा. पूर्वी करी होतंस."

बाबलने पेटी उघडली. पितळी पट्टीवर बोट फिरवलं, तसंच, मांजराच्या कानासारखं. मी कानस दिली. ती त्याने हातात घेतली, पट्टीला लावली, आणि घासली नाही. परत माझ्याकडे दिली.

"नको गो. बरी पेटी बिघडात. हात जड आसा माझो."

हे तो हसत म्हणाला नाही, रडतही म्हणाला नाही. माणूस आपली उंची सांगतो तसं म्हणाला. तेरा वर्षं त्याने एकही बारीक भोक पाडलेलं नाही, एकही सूर घासलेला नाही. हे मला ठाऊक होतं, पण मी ते कधी एका जागी ठेवून पाहिलं नव्हतं. मी कानस हातात धरून उभा राहिलो. खिडकीतून सुरंगीचा वास आला. शालू माझ्याकडे बघायला लागली, शिंकेची वाट बघत. मी शिंकलो नाही.

"आज काय झाला तुमका?" ती म्हणाली.

"काय नाय," मी म्हटलं.

पेटी अजून तशीच आहे. होळी दहा दिवसांवर आहे. शिमगा सरला की, एखाद्या साध्या दिवशी, मी शालूला घेऊन सकाळच्या एस्टीने तळेऱ्याला जाईन. घड्याळ, मापाचा पेला आणि पेटी बरोबर घेईन.

बाबल मेस्त्रीचा हात हलका होता. मिनिट माझं खोटं होतं. हे त्याला, त्याच्या बहिणीच्या देखत, त्याच्या तोंडावर सांगणं मी त्याचं देणं लागतो.